किरकोळ जखम : भरून येणे आणि वण

विळीवर बोट कापणे, गुडघा खरचटणे, पायाला पत्रा लागणे यांसारख्या, टाके न घालता भरून येणाऱ्या त्वचेच्या इजेला किरकोळ जखम म्हणतात. निरोगी प्रौढाची अशी जखम साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत वरून बंद होते. ती महिनाभर रेंगाळली किंवा तिची खूण वर्षानुवर्षे राहिली, की ‘रक्त खराब आहे’ असे निदान घरातच केले जाते. त्याला काही आधार नाही. जखम किती खोल आहे, कुठे आहे, माणसाची प्रकृती कशी आहे आणि जखमेची हाताळणी कशी झाली, यांत कारणे सापडतात. उशीर लागणे आणि वण राहणे या दोन वेगळ्या तक्रारी समजल्या जातात, पण त्यांचा संबंध जवळचा आहे : जखम जितके दिवस उघडी राहते, तितका वण ठळक होतो. क्षयाची बीसीजी लस टोचलेल्या दंडावर हे पाहता येते. सुईची इजा नगण्य असते, पण दोन-तीन आठवड्यांनी तिथे गाठ येते, ती फुटते आणि भरायला आणखी काही आठवडे घेते. त्यामुळे तो वण जन्मभर राहतो.

त्वचेचे मुख्य थर दोन. वरच्या बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून रक्त आले की इजा खालच्या अंतस्त्वचेत शिरली असे समजावे. अंतस्त्वचेचा वरचा भाग खरचटला तरी बहुधा खूण राहत नाही. केसांच्या मुळांभोवती उरलेल्या पेशींपासून नवी बाह्यत्वचा तयार होते. त्याहून खोल गेलेल्या इजेचा मात्र वण राहतो. ही मर्यादा कुठे आहे हे पाहण्यासाठी स्वयंसेवकांच्या नितंबाच्या बाजूला हळूहळू खोल होत जाणारा छेद घेण्यात आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सुमारे ०.५६ मिमी., म्हणजे तिथल्या त्वचेच्या जाडीच्या साधारण एकतृतीयांश, खोलीपर्यंतचा भाग वणाशिवाय भरला.

कापल्यावर काही मिनिटांत बिंबाणू एकत्र येऊन रक्त गोठते. मग जागा लाल होते, सुजते आणि ठणकते. पहिल्या एक-दोन दिवसांत पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडतात. मागोमाग येणाऱ्या भक्षक पेशी मेलेला भाग उचलतात आणि पुढच्या कामाला चालना देणारी द्रव्ये सोडतात. ही सूज उपकारक असते, फक्त ती वेळेवर ओसरली पाहिजे. मळ, काटा किंवा जंतू आत राहिले तर ती ओसरत नाही. यालाच आपण जखम चिघळणे म्हणतो. साधारण चौथ्या दिवसापासून नव्या केशवाहिन्या फुटतात, लालसर दाणेदार मांस भरू लागते, कडांकडून बाह्यत्वचेच्या पेशी आत सरकतात आणि काही खास पेशी जखमेच्या कडा आवळून धरतात.

तिसऱ्या आठवड्यानंतरचे काम वरून दिसत नाही, पण तेच सर्वांत लांब, वर्षभर किंवा अधिक चालते. घाईने घातलेले कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू काढून अधिक मजबूत तंतू घातले जातात. निरोगी त्वचेत हे तंतू टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंफलेले असतात; वणात ते बहुतांशी एकाच दिशेने पडतात. वणात केस उगवत नाहीत आणि घामाच्या ग्रंथीही नसतात. पहिल्या आठवड्यात जखमेची बळकटी मूळ त्वचेच्या जेमतेम ३ टक्के असते, तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. गर्भाची त्वचा मात्र साधारण चोविसाव्या आठवड्यापर्यंत वणाशिवाय भरते. ही क्षमता पुढे का हरवते, हा या विषयातला सर्वांत मोठा प्रश्न आहे.

तयार झालेला वणही निर्जीव नसतो. त्यातले कोलॅजेन सतत बदलले जाते आणि त्यासाठी क जीवनसत्त्व लागते. १७४०–४४ मधील जॉर्ज ॲन्सन यांच्या सागरी सफरीत स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झालेल्या खलाशांच्या कित्येक वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्याची नोंद आहे. बॉस्टनचे तरुण शल्यचिकित्सक जॉन क्रँडन यांनी याची परीक्षा स्वतःच्या अंगावर घेतली. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी क जीवनसत्त्व नसलेला आहार घेतला. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम नेहमीसारखी भरली. सहा महिन्यांनी केलेली आतून भरेना. जीवनसत्त्व दिल्यावर तीही भरली. म्हणजे थोडे दिवस पेरू-लिंबू न खाल्ल्याने जखम अडत नाही, तसेच कमतरता नसताना गोळ्या घेऊन ती लवकर भरेल अशी आशाही धरू नये.

आपल्याकडे जखम न भरण्यामागे सर्वांत आधी ज्याचा विचार करायला हवा ते कारण म्हणजे मधुमेह. वाढलेल्या साखरेने पांढऱ्या पेशी मंदावतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि पायाच्या नसा बधिर होतात. यातला बधिरपणा सर्वांत घातक, कारण चपलेचा अंगठा बोटाला कापतो आणि ते दुखतच नाही. न दुखणाऱ्या पायावर माणूस चालत राहतो आणि जखम रोज नव्याने होते. अनेकांना मधुमेह असल्याचे अशा जखमेमुळेच पहिल्यांदा कळते. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकसतात. प्रथिनांची कमतरता, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे, पायांच्या फुगलेल्या शिरा आणि वाढते वय यांनीही उशीर लागतो. मनाचा ताण या यादीत कोणी धरत नाही, पण धरायला हवा. १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अमेरिकन अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या मुद्दाम केलेल्या ३.५ मिमी.च्या जखमा इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस उशिरा भरल्या.

जागेचाही फरक पडतो. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असल्याने तिथले टाके तीन ते पाच दिवसांत निघतात, पायाचे दहा ते चौदा दिवस ठेवावे लागतात. गुडघा आणि बोटांचे सांधे सतत वाकत असल्याने तिथली जखम पुन्हा पुन्हा उकलते.

हाताळणीबाबत ‘जखमेला हवा लागू द्या, सुकू द्या’ हा सल्ला घरोघरी मिळतो आणि तो चुकीचा आहे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरील प्रयोगात दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी बाह्यत्वचा उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. सुकलेल्या खपलीखालून पेशींना वाट काढत जावे लागते. खपली नखाने काढली तर आलेली नवी त्वचाही तिच्याबरोबर निघते. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पाणी न मिसळलेले जंतुनाशक रोज लावले तर जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. स्वच्छ वाहत्या पाण्याने धुणे, साधी पेट्रोलियम जेली लावणे आणि पट्टी बांधणे एवढे बहुतेक जखमांना पुरते. चुना, तंबाखू, माती किंवा शेण लावू नये. माती आणि शेणात धनुर्वाताचे बीजाणू असतात.

हळदीचे प्रकरण वेगळे आहे. जखमेसाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा उपाय भारतात जुना आहे, एवढेच त्यातून सिद्ध झाले. डब्यातली हळद निर्जंतुक आहे असे नव्हे.

जखम बांधण्याची जुनी कसबी रीत पाहायची तर पुण्याकडे यावे लागते. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या, इंग्रज सैन्यातल्या कावसजी नावाच्या मराठा बैलहाक्याचे नाक पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेपासून नव्याने केले गेले. ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचे वर्णन आहे. त्यात सांधा धरून ठेवण्यासाठी पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या होत्या आणि चार दिवस दुसरे काही लावले नव्हते. कपाळावरचा वण काही काळाने फारसा जाणवत नाही, असेही वर्णनकर्त्याने लिहिले आहे. कडा घट्ट जुळवणे आणि जखम सारखी उघडून न बघणे ही त्यातली दोन तत्त्वे आजही पाळली जातात.

वणांचे प्रकार ओळखणे उपयोगाचे आहे, कारण लोक ज्याला वण म्हणतात तो पुष्कळदा वण नसतोच. सावळ्या त्वचेत सूज ओसरल्यावर रंगद्रव्य साठून सपाट काळा डाग राहतो. तो काही महिन्यांत फिका होतो, उन्हाने मात्र गडद होतो. जाड, उंच वण जखमेच्या हद्दीतच राहतो आणि कालांतराने बसू शकतो. केलॉइड हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या त्वचेवर पसरते. कानाची पाळी, छातीचा मध्य आणि खांदा या त्याच्या जागा. गडद वर्णाच्या आणि तरुण माणसांत ते अधिक दिसते आणि घराण्यातही चालते. कान टोचल्यावर ज्यांना अशी गाठ आली त्यांनी पुन्हा टोचण्यापूर्वी विचार करावा. नुसते कापून काढलेले केलॉइड बहुधा परत येते, त्यामुळे गाठीत स्टेरॉइडाची इंजेक्शने देणे किंवा शस्त्रक्रियेला अशा उपचारांची जोड देणे भाग पडते. उंच वणांवर सिलिकॉनची पट्टी दिवसाचे बारा तास, दोन-तीन महिने लावल्यास फायदा होतो. ई जीवनसत्त्वाचे तेल वण घालवते याला भक्कम पुरावा नाही. काहींना त्याने पुरळ उठते.

जखमेभोवतीची लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप आला तर वाट पाहू नये. मातीत किंवा गंजक्या पत्र्याने लागले असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील, तर ती लगेच घ्यावी. तीन-चार आठवड्यांत न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवावी. क्वचित तिच्यामागे त्वचेचा कर्करोगही असतो. जखम पायाची असेल तर मलमे बदलत बसण्याआधी रक्तातील साखर तपासून घ्यावी.