डीलच्या कार्टरबाई : एक थांब्याचें गांव आणि एक विदुषी

बीडहून दक्षिणेस निघालेला रस्ता घाट चढून बालाघाटाच्या माथ्यावर आला म्हणजे मांजरसुंबा हें गांव लागतें. सोलापूर-धुळें मार्ग आणि पाटोद्याहून केजेकडे जाणारा मार्ग येथें एकमेकांस मिळतात. म्हणून मराठवाड्यांत फिरणाऱ्या बहुतेकांस हें नांव ठाऊक असतें. मात्र तें ठाऊक असतें तें केवळ थांबा म्हणून. प्रवासी उतरतो, क्षणभर विसांवतो आणि पुढें जातो. जवळच कपिलधार येथें ‘परमरहस्य’कर्त्या मन्मथस्वामींची समाधि आहे, म्हणजे या माथ्याला ग्रंथकर्तृत्वाचीहि ओळख आहे, पण वाटसरूच्या मनांत वाट राहते, गांव राहत नाहीं. राजधान्यांचा इतिहास लिहिला जातो, रणक्षेत्रांचा लिहिला जातो, तीर्थांचींहि माहात्म्यें होतात. थांब्याच्या गांवांचा इतिहास मात्र ‘येथून अमुक गेला’ एवढ्यावरच संपतो. येथें राहिलें कोण, आणि राहून त्यानें केलें काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो विचारल्यास काय हातीं लागतें, हें पाहण्यासाठीं प्रस्तुत लेखांत एका दूरच्या गांवाचें उदाहरण घेतलें आहे. तें गांव घाटमाथ्यावरचें नसून समुद्रकांठचें आहे. परंतु थांबा या नात्यानें दोन्हींची जात एकच. इंग्लंडांतील केंट परगण्यामधील डील हें तें गांव, आणि तेथें राहिलेली व्यक्ति म्हणजे अठराव्या शतकांतील ग्रीक भाषेच्या पंडिता एलिझाबेथ कार्टर.

डीलला धड बंदर नव्हतें. किनारा उघडा, गोट्यांचा. होड्या त्या गोट्यांवरूनच पाण्यांत लोटाव्या लागत. परंतु किनाऱ्यापासून कांहीं मैलांवर गुडविन नांवाचे वाळूचे बुडीत पट्टे पसरलेले असून, ते आणि किनारा यांच्यामधील पाण्यास ‘डाऊन्स’ म्हणतात. शिडांचीं जहाजें वाऱ्याच्या कृपेवर चालत. थेम्स नदींतून निघालेलें जहाज अनुकूल वारा सुटेपर्यंत या पाण्यांत नांगर टाकून पडून राही; कधीं दिवस, कधीं आठवडे. आरमारी जहाजें, व्यापारी गलबतें, आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता गांठावयास निघालेलीं ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें या सर्वांचा हा मोठा थांबा. त्यांस पाणी, भाजी, दोरखंड, पत्रें पोंचविणें हा डीलच्या नावाड्यांचा धंदा. आसरा देणारे तेच वाळूचे पट्टे वादळांत काळ होत. १७०३ च्या नोव्हेंबरांतील महावादळांत त्यांवर चार लढाऊ जहाजें फुटून हजारांवर खलाशी बुडाले. गांवाला १६९९ मध्यें नगराची सनद मिळाली होती. आठव्या हेन्रीनें बांधलेले किल्ले किनाऱ्यावर होते. १७७१ मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला कप्तान कूक येथेंच उतरला. पण हीं सर्व येणाऱ्या-जाणाऱ्यांचीं वृत्तें झालीं. राहणाऱ्यांचें वृत्त वेगळें आहे.

एलिझाबेथ कार्टर यांचा जन्म १६ डिसेंबर १७१७ रोजीं डील येथें झाला. वडील निकोलस कार्टर हे तेथील चर्चचे धर्मोपदेशक. आईकडून आलेली मालमत्ता १७२० च्या सुमारास दक्षिण समुद्र कंपनीच्या दिवाळ्यांत गेली, आणि पुढें मुलगी सुमारें दहा वर्षांची असतां आईहि गेली. वडिलांपाशीं द्यावयास उरली ती विद्या. ती त्यांनीं मुलगा-मुलगी असा भेद न करतां सर्व मुलांस दिली: लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू. त्या काळीं विद्यापीठाचें दार स्त्रियांस बंद होतें; त्यामुळें धर्मोपदेशकाचें घर हीच त्यांची शाळा आणि तेंच विद्यापीठ.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ही मुलगी प्रज्ञावंत म्हणून प्रसिद्ध नव्हती. शिकण्यांत ती इतकी मंद होती कीं, हा नाद सोड, असें वडिलांनींच तिला वारंवार सांगितलें. तिनें सोडला नाहीं. रात्रीं जागतां यावें म्हणून ती तपकीर ओढी, डोक्यास ओला रुमाल बांधी, हिरव्या चहाचीं पानें चघळी. पहांटे उठण्यासाठीं तिनें केलेली योजना तर मजेची आहे. पलंगाच्या उशाशीं घंटा बांधून तिची दोरी खिडकीच्या फटींतून खालीं बागेंत सोडलेली असे, आणि चर्चचा सेवक चार-पांचच्या दरम्यान येऊन ती ओढी. विद्येच्या या हट्टाचें मोल म्हणून डोकेदुखी त्यांना जन्मभर पुरली. पुढें कँटरबरी येथें एका फ्रेंच धर्मोपदेशकाच्या घरीं वर्षभर राहून त्यांनीं फ्रेंच भाषा शिकून घेतली. इटालियन, स्पॅनिश व जर्मन स्वतः मिळविल्या. पोर्तुगीज व अरबी यांचाहि अभ्यास केला आणि अरबीसाठीं स्वतःच्या उपयोगाचा शब्दसंग्रह केला.

वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षापासून ‘जंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकांत त्यांच्या कविता ‘एलायझा’ या नांवानें येऊं लागल्या. त्याचे चालक एडवर्ड केव्ह हे वडिलांचे स्नेही. त्यांच्यामुळें डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा परिचय झाला, तो शेवटपर्यंत टिकला. जॉन्सन यांच्या ‘रॅम्बलर’ या पत्रांतील दोन लेख कार्टरबाईंचे आहेत. १७३९ मध्यें त्यांचीं दोन भाषांतरें निघालीं. त्यांपैकीं एक आल्गारोत्ती या इटालियन लेखकाच्या, स्त्रियांसाठीं न्यूटनचा सिद्धान्त समजावून सांगणाऱ्या ग्रंथाचें होतें. राजधानींत नांव होऊं लागलें होतें. लेखणीवर पोट भरणाऱ्यांच्या वर्गांत जागा होती. त्याच वर्षीं बाई डीलला परतल्या, आणि पुढें लंडनला कितीहि जाणें-येणें झालें तरी घर म्हणून डीलच राहिलें.

त्यांचा मुख्य ग्रंथ या परतण्याचें फळ आहे. मैत्रीण कॅथरिन टॅल्बट व तिचे पालक बिशप सेकर यांच्या आग्रहावरून १७४९ मध्यें त्यांनीं एपिक्टेटस या स्टोइक तत्त्ववेत्त्याचें ग्रीकमधून भाषांतर आरंभिलें. लिहून झालेलीं पानें डीलहून टपालानें जात आणि सूचना होऊन परत येत. आरंभीं बाईंचा कल अलंकृत भाषेकडे होता. सेकर यांनीं तो मोडून मूळास धरून असणाऱ्या साध्या, किंचित् ओबडधोबड भाषेचा आग्रह धरिला, आणि तोच पुढें ग्रंथाचा गुण ठरला. काम वर्षानुवर्षें चाललें. याच काळांत सावत्र भाऊ हेन्री याला केंब्रिजच्या प्रवेशासाठीं तयार करण्याचा भार त्यांच्यावर होता. घरच्या शिलाईचाहि होता. १७५८ मध्यें ग्रंथ बाहेर पडला. एपिक्टेटसचें उपलब्ध सर्व वाङ्मय एकत्र देणारें इंग्रजींतील हें पहिलें भाषांतर होय, आणि विसाव्या शतकाच्या आरंभींहि तें पुन्हा छापलें जात होतें.

एपिक्टेटस कोण, हें पाहिलें म्हणजे या ग्रंथाचें आणि गांवाचें नातें ध्यानांत येतें. फ्रिजिया प्रांतांत जन्मलेला हा मूळचा गुलाम. डोमिशियन बादशहानें तत्त्ववेत्त्यांस रोमांतून घालविलें तेव्हां तो ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळील निकोपोलिस येथें येऊन राहिला. त्यानें स्वतः कांहीं लिहिलें नाहीं. एरियन या शिष्यानें लिहून ठेविलें तेवढें उरलें. त्याच्या उपदेशांत एक दृष्टान्त आहे. जहाज नांगरलेलें असतां उतारू पाणी आणावयास किनाऱ्यावर उतरतो, वाटेंत एखादा शिंपला किंवा कंद उचलतो. परंतु लक्ष त्यानें जहाजाकडेच ठेवावें, आणि कप्तानाची हांक येतांच हातांतलें सर्व टाकून निघावें. संसारहि असाच, असें त्यास म्हणावयाचें आहे. हा दृष्टान्त इंग्रजींत उतरविणाऱ्या बाई अशा गांवांत बसल्या होत्या कीं, जेथें हेंच दृश्य प्रत्यहीं घडत होतें. वारा फिरला कीं बाजारांतले खलाशी हातचें टाकून होड्यांकडे धांवत. त्यांनीं हा मेळ मुद्दाम पाहिला होता असें आमचें म्हणणें नाहीं. एवढेंच म्हणावयाचें कीं, थांब्याच्या गांवीं बसून जगाकडे पाहणाऱ्या दोन विद्वानांच्या विचारांची ही गांठ सोळा शतकांनंतर त्या गोट्यांच्या किनाऱ्यावर पडली. बाई मात्र श्रद्धावंत ख्रिस्ती होत्या. स्टोइक मत त्यांना जेथें पटलें नाहीं, विशेषतः आत्महत्येसंबंधीं, तेथें तसें त्यांनीं प्रस्तावनेंत व टीपांत स्पष्ट लिहिलें.

ग्रंथाची आर्थिक बाजूहि विचारांत घेतली पाहिजे, कारण विदुषींच्या चरित्रांत ती सहसा झांकली जाते. ग्रंथ आगाऊ वर्गणीनें काढला. किंमत एक गिनी. वर्गणीदार हजाराहून अधिक. छपाई कादंबरीकार रिचर्डसन यांच्या छापखान्यांत. बाईंस सुमारें १००० पौंड मिळाले. १७६२ मध्यें त्यांच्या कवितांचा नवा संग्रह निघाला, आणि त्याच वर्षीं त्यांनीं डील येथें समुद्राजवळ घर घेतलें. तोंपर्यंत वडील भाड्याच्या घरांत राहत आले होते. ते आतां मुलीच्या घरांत, मुलीला भाडें देऊन राहूं लागले. बापलेकींचीं ग्रंथालयें वेगळालीं; जेवणाच्या वेळीं भेट, एरव्हीं ज्याचा तो अभ्यास. १७७४ मध्यें वडील वारले, तोंपर्यंत हा क्रम चालला. बाई अविवाहित राहिल्या. हिंवाळ्यांत लंडनला क्लार्जिस स्ट्रीटवर बिऱ्हाड करीत, एलिझाबेथ माँटेग्यू यांच्या विद्वत्सभेंत बसत, आणि उन्हाळ्यास डीलला येत.

आतां एक आक्षेप. १७६२ नंतर बाई चव्वेचाळीस वर्षें जगल्या. त्या अवधींत एपिक्टेटसच्या तोडीचा दुसरा ग्रंथ झाला नाहीं. मग गांवानें आणि घरानें त्यांची विद्या गिळली, असें कां म्हणूं नये? आक्षेप पोकळ नाहीं. भावाची शिकवणी, शर्ट शिवणें, वडिलांचें घर संभाळणें यांत गेलेला वेळ ग्रीकचाच होता. जॉन्सन यांनीं त्यांची स्तुति करितांना एपिक्टेटसच्या जोडीला त्यांच्या हातच्या पुडिंगचें नांव घेतलें, तें कौतुकच होय. पण पुरुष पंडिताची थोरवी स्वयंपाकाच्या साक्षीनें सिद्ध करावी लागत नाहीं, हेंहि त्यांतून दिसतें. तथापि दुसरें पारडें पाहावें. लंडनांत लेखणीवर जगणाऱ्यास प्रकाशकाच्या मर्जीनें लिहावें लागे. बाईंस स्वतःचें घर, स्वतःचीं पुस्तकें आणि न लिहिण्याचेंहि स्वातंत्र्य डीलनें दिलें. विलंब ही किंमत होती, आणि स्वाधीनता ही त्या किंमतीची वस्तु होती.

डील हें कांहीं तपोवन नव्हतें. जकात चुकवून माल उतरविण्याबद्दल तेथील नावाडी कुप्रसिद्ध होते. १७८० नंतरच्या दशकांत पंतप्रधान पिट यांनीं सैन्य पाठवून त्यांच्या होड्या जाळविल्या. बुडत्यांस वांचविणारे आणि चोरटा माल आणणारे हात तेच. अशा गांवांत पहांटेच्या घंटेवर उठणारी ग्रीक पंडिता नव्वदीच्या घरांत येईपर्यंत नांदली.

मराठ्यांच्या इतिहासाशीं हे सन ताडून पाहतां मौज वाटते. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले तेव्हां बाई तान्ह्या होत्या. रघुनाथराव लाहोरांत शिरले तें वर्ष एपिक्टेटसच्या प्रकाशनाचें, १७५८. मांजरसुंब्याच्याच बालाघाटी मुलखांतील खर्ड्यास १७९५ मध्यें निजामाचा पराभव झाला तेव्हां त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. वसईचा तह १८०२ चा. त्या निवर्तल्या १९ फेब्रुवारी १८०६ रोजीं, लंडनमध्यें. खर्ड्याजवळील चौंडी गांवीं जन्मलेल्या, बाईंहून सुमारें साडेसात वर्षांनीं लहान अहिल्याबाई होळकर १७९५ मध्येंच निवर्तल्या होत्या. पुराणश्रवण, विद्वानांस आश्रय आणि राज्यकारभाराचा पत्रव्यवहार यांत त्यांची बुद्धि दिसते; परंतु ती आपणांस कळते ती सत्तेच्या दप्तरामुळें. त्याआधींच्या शतकांतील संत बहिणाबाईंचें आत्मवृत्त टिकलें तें परंपरेनें पोथी राखली म्हणून. त्या काळीं आमच्याकडे मराठी पुस्तक छापून हजार वर्गणीदारांस विकण्याची सोय नव्हती. कॅरे यांचें मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापलें तें १८०५ सालीं. जिच्यामागें ना दौलत ना मठ, अशी एखादी विदुषी आमच्या थांब्याच्या गांवीं त्या काळीं असती, तर तिची वार्ता आपणांपर्यंत कशानें आली असती?

कार्टरबाईंची वार्ता आली ती पत्रांनीं. भाचा माँटेग्यू पेनिंग्टन यानें १८०७ मध्यें चरित्र काढलें. पुढें टॅल्बट व माँटेग्यू यांच्याशीं झालेला पत्रव्यवहार क्रमानें प्रसिद्ध केला. पहांटेची घंटा, ओला रुमाल, भाडें देणारा बाप हें सर्व घरांतल्या माणसानें जपलें म्हणून इतिहासांत आलें. यांतून घ्यावयाचा बोध साधा आहे. डाऊन्समध्यें नांगरलेलीं जहाजें गेलीं. त्यांतील बहुतेकांचीं नांवेंहि कोणास आठवत नाहींत. किनाऱ्यावर बसून राहिलेल्या एका बाईचें नांव राहिलें, आणि तिच्यामुळें गांवहि केवळ वाटेवरचें राहिलें नाहीं. मांजरसुंब्यासारख्या गांवांतील जुन्या वाड्यांत, मठांत, कुळकर्ण्यांच्या घरीं जीं बाडें अजून असतील, त्यांत जमाखर्चाबरोबर एखादें बाईच्या हातचें पत्र, एखादी उतरून घेतलेली पोथी निघाल्यास ती रद्दींत जाऊं नये. वाटसरू पुढें गेले म्हणून गांव रिकामें होतें असें मानण्याचें कारण नाहीं.