क्रायसिस

पैशाचा, पाण्याचा, कशाचाही ‘क्रायसिस’ हल्ली रोज कानावर पडतो. मूळ ग्रीक ‘क्रिसिस’ म्हणजे निवाडा. ग्रीक वैद्यांनी तो रोग्याच्या खाटेपाशी नेला: ताप उतरणार की माणूस दगावणार, हे ठरण्याची घटका. लॅटिनमार्गे इंग्रजीत आला आणि कुठल्याही संकटाला चिकटला. मला वैद्यांचाच अर्थ मोलाचा वाटतो, आणि तो आज पोलिसांच्या कामातही सापडतो. अमेरिकेत मेम्फिसला १९८७ साली पोलिसांच्या गोळीने एक मनोरुग्ण तरुण मेला. पुढल्याच वर्षी तिथे ‘क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम’ उभी राहिली. तिच्या ४० तासांच्या प्रशिक्षणात पोलीस शिकतात: अंतर राखा, आवाज चढवू नका, एकानेच बोलायचं, समोरच्याचं पुरतं ऐकून घ्या. अमेरिकेतल्या अनेक शहरांत आज पोलीस ‘क्रायसिस’ म्हणतात, तो गुन्हेगाराबद्दल नव्हे, मदतीची गरज असलेल्या माणसाबद्दल.