किल्ली काढल्यानंतर

डॅशकॅम बसवायला आलेली माणसं आधी चित्राबद्दल विचारतात. रात्री नंबरप्लेट दिसेल का, मागचाही कॅमेरा घ्यावा का. मी बॉनेट उघडतो आणि बॅटरीवरचं लेबल वाचतो. ३५ अँपिअर-अवरची आहे की ६० ची, किती वर्षांची आहे, गाडी रोज निघते की फक्त रविवारी. कोणता कॅमेरा घ्यायचा हे माझ्या लेखी तिथून ठरायला लागतं, कारण आमच्या धंद्याचा सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरलेला आहे: किल्ली काढल्यानंतर बॅटरीतून कोणी किती घ्यायचं?

नाना पेठेतलं हे दुकान वडिलांचं. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. मी शाळेतून येऊन डायनॅमोचे कार्बन ब्रश बदलायला शिकलो तेव्हा त्यांनी एकच नियम सांगितला होता, "किल्ली काढली की गाडी झोपली पाहिजे." रात्री दुकान बंद करण्याआधी बॅटरीची एक तार काढून टर्मिनल आणि तार यांच्यामध्ये ते टेस्ट लॅम्प धरायचे. बल्ब मंद जरी पेटला तरी कुठेतरी करंट जातोय. मग ते घरी जायचे नाहीत.

मोटारीला सुरुवातीला बॅटरी लागतच असे असं नाही. अनेक गाड्यांत मॅग्नेटो ठिणगी द्यायचा आणि माणूस पुढून हँडल मारायचा. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हँडलबरोबर मनगट मोडण्याची भीतीही जायला लागली. पण स्टार्टर म्हणजे मोठी भूक. तिच्यासाठी चांगली बॅटरी हवी, बॅटरी भरायला डायनॅमो हवा, आणि डायनॅमोमुळे एक नवं दुखणं आलं, जे अण्णांच्या पिढीने आयुष्यभर निस्तरलं.

इंजिन हळू फिरत असलं की डायनॅमोचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा खाली येतो. दोघांची तार जोडलेलीच राहिली तर करंट उलटा वाहतो. बॅटरी डायनॅमोलाच मोटरसारखी फिरवू बघते आणि स्वतः रिकामी होत जाते. म्हणून मध्ये कटआउट असायचा. लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तार, वर एक पत्री आणि तिचे दोन पॉइंट. डायनॅमो जोरात फिरला की पत्री खाली ओढली जाते, पॉइंट मिळतात आणि बॅटरी चार्ज होऊ लागते. वेग पडला की स्प्रिंग पत्री वर उचलते आणि वाट बंद. लुकास कंपनीच्या कंट्रोल बॉक्समध्ये काळ्या झाकणाखाली रेग्युलेटर आणि कटआउट शेजारी शेजारी बसलेले असत. पॉइंट जळून चिकटले तर सकाळी बॅटरी मेलेली, आणि नशीब वाईट असेल तर वायरिंगही जळालेलं. अण्णा ते पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासायचे, पुसायचे आणि झाकण लावण्याआधी कानाजवळ नेऊन पत्रीचा टिक् आवाज ऐकायचे. तो आवाज आजही मला कोणत्याही मीटरच्या आकड्याइतका खरा वाटतो.

लुकासच्या वायरिंगमध्ये तारांचे रंगच हा हिशेब सांगायचे. तपकिरी तार बॅटरीची, कायम जिवंत. पांढरी इग्निशनची. फ्यूजमधून पुढे गेली की कायम जिवंत असलेली जांभळी आणि किल्लीवर चालणारी हिरवी. काळी म्हणजे अर्थ. फ्यूज दोनच, काचेचे, ३५ अँपिअरचे. एका बाजूला हॉर्न आणि आतला दिवा, दुसऱ्या बाजूला वायपर, ब्रेक लाइट, पेट्रोलचा काटा. रात्री जागायचा अधिकार कोणाला आणि कोणाला नाही, हे कारखान्यानेच ठरवून दिलेलं असे.

पुढे डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. १९६० च्या प्लायमथ व्हॅलियंटमध्ये तो कंपनीकडूनच बसवलेला होता. आपल्याकडे सर्वसामान्य घरात तो पोचला तो बऱ्याच अंशी डिसेंबर १९८३ नंतर, मारुती ८०० बरोबर. त्यातले डायोड करंटला उलटं येऊच देत नाहीत, त्यामुळे कटआउटची गरज संपली. पॉइंट घासायचं काम दुकानातून गेलं. अण्णांनी तो बारीक पॉलिश पेपर बरीच वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

झोपलेल्या गाडीत जागं राहणारी वस्तू पुन्हा आली ती कारटेपमधून. डिजिटल डिस्प्लेचे स्टिरिओ आले तसं घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला त्यांना कायम करंट लागायला लागला. पिवळी तार बॅटरीची, लाल किल्लीची, काळी अर्थ. अण्णा त्या पिवळ्या तारेकडे संशयाने बघायचे, पण तिची भूक इतकी कमी असे की चांगली बॅटरी ती आठवडेच्या आठवडे सोसायची.

डॅशकॅमच्या हार्डवायर किटला बहुतेक वेळा ह्याच तीन रंगांच्या तारा असतात. मात्र ह्या पिवळ्या तारेची भूक वेगळी आहे. रशियात अपघातानंतरच्या वादात पुरावा हवा म्हणून लोकांनी हे कॅमेरे लावले, आणि १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली तेव्हा ती अशाच असंख्य कॅमेऱ्यांत सापडून जगभर दिसली. ते सगळं चालत्या गाडीचं काम होतं. उभ्या गाडीवर पहारा ठेवायचा म्हटलं की गणित बदलतं. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा ०.३ अँपिअर घेत असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-अवर, चार दिवसांत जवळजवळ २९. गेल्या वर्षी एक गृहस्थ लग्नासाठी चार दिवस गावी गेले. गाडी इथे सोसायटीत, बॅटरी ३५ ची. कॅमेरा कुणीतरी थेट बॅटरीवर जोडून दिला होता. परत आले तेव्हा किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डचे दिवेसुद्धा नीट लागले नाहीत.

म्हणून किटमध्ये लो-व्होल्टेज कट-ऑफ असलाच पाहिजे. नाव नवं असलं तरी हा आमचा जुना कटआउटच आहे, पत्री आणि स्प्रिंगशिवायचा. चांगली बॅटरी विसावलेली असताना १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ ला साधारण अर्धी उरते, १२ ला पाव. मी कट-ऑफ १२.२ वर ठेवतो. किटवर ११.८ चा पर्याय असतो, पण तिथवर जाऊ दिलं तर कॅमेरा चालेल आणि स्टार्टर चालणार नाही. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा झटका द्यायला बनवलेली असते. रोज रात्री थोडी थोडी उपसली की तिच्या प्लेटवर सल्फेट बसतं आणि ती अकाली जाते.

सिगारेट लायटरच्या भोकातून करंट घेणं सोपं, पण ते भोक कॅमेऱ्यासाठी बनलेलं नव्हतं. कॉइल धरून ठेवायची आणि लाल तापली की सोडून द्यायची, एवढंच त्याचं मूळ काम. खड्ड्यात प्लग हलतो, कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि नेमका धडकेचा क्षण त्यात निसटू शकतो. काही गाड्यांत ते भोक किल्ली काढल्यावरही जिवंत असतं, म्हणून आधी टेस्ट लॅम्प लावून बघावा. मी फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप घेतो. तार खांबातून नेताना पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगच्या मागून नेतो, पुढून कधीही नाही. आणि आतमध्ये लिथियम सेलऐवजी कपॅसिटर असलेला कॅमेराच घ्यायला सांगतो. एप्रिल-मेच्या उन्हात काचेला चिकटलेला सेल फुगलेला मी पाहिला आहे.

गेल्या महिन्यात एक मॉरिस मायनर आली. हीच गाडी हिंदुस्थान मोटर्सने आपल्याकडे 'बेबी हिंदुस्थान' म्हणून बनवली होती. मालकांना रॅलीसाठी कॅमेरा हवा होता, आणि शक्य असेल तर रात्रीचा पहाराही. झाकण उघडलं तर कंट्रोल बॉक्स मूळचा, कटआउट चालू. पण ह्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ. सगळी बॉडीच पॉझिटिव्ह असल्यामुळे किल्लीवर तुटते ती निगेटिव्ह बाजू, आणि किटची लाल तार किल्लीवरचा पॉझिटिव्ह शोधत असते, जो ह्या गाडीत कुठेच नाही. पहारा जमणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. कॅमेऱ्याच्या कन्व्हर्टरचा पॉझिटिव्ह बॉडीला दिला, निगेटिव्ह दोन अँपिअरच्या फ्यूजमधून हिरव्या तारेवर घेतला, आणि कॅमेऱ्याचा कुठलाही धातू बॉडीला टेकत नाही ना हे दोनदा तपासलं.

मालकांनी किल्ली फिरवली, कॅमेरा लागला. किल्ली काढली, तो बंद झाला. मी बॅटरीची तार सोडवून मध्ये अण्णांचा टेस्ट लॅम्प धरला. बल्ब पेटला नाही.