पांढुरक्या भोवत्याची दोन नावे

१८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात दख्खनच्या पक्ष्यांची एक यादी प्रसिद्ध झाली. यादीकार होता विल्यम हेन्री साइक्स. व्यवसायाने सैनिक, परंतु १८२४ पासून मुंबई सरकारचा ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’. माणसे, पिके, भाव, हवामान, जे जे मोजता येईल ते मोजणे हेच त्याचे काम. पुढे लंडनच्या सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपदही त्याच्याकडे आले.

या यादीत उघड्या माळावर जमिनीलगत तरंगत शिकार करणाऱ्या एका शिकारी पक्ष्याला साइक्सने नवी जात म्हणून नाव दिले : सर्कस पॅलिडस. पॅलिडस म्हणजे फिकट, पांढुरका. नराचा रंग पाहिला की नाव पटते. मराठीत हाच पांढुरका भोवत्या.

नवी जात मात्र ती नव्हती. सुमारे ६० वर्षांपूर्वी रशियात, व्होरोनेझच्या गवताळ प्रदेशात, साम्युएल गॉटलीब ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने तोच पक्षी ‘मॅक्रोरस’, म्हणजे लांब शेपटीचा, या नावाने नोंदवला होता. (हा ग्मेलिन १७७४ मध्ये कॉकेशसमध्ये कैदेत मरण पावला.) एकाने पक्षी त्याच्या विणीच्या मुलखात पाहिला, दुसऱ्याने हिवाळी मुक्कामी. मधले हजारो किलोमीटर दोघांच्याही दृष्टीबाहेर होते. ज्येष्ठतेच्या नियमाने शास्त्रीय नाव ग्मेलिनचे राहिले. इंग्रजी नावात मात्र साइक्सचे ‘पॅलिड’ टिकले.

त्या काळी पक्षी ‘पाहणे’ म्हणजे बहुधा बंदुकीने पाडणे. कातडे भरल्याखेरीज नोंद पक्की होत नसे. जिवंत शिकारी पक्षी आकाशातच मोजावा, ही कल्पना रुजायला आणखी शतक लागले, आणि ती रुजली अमेरिकेत. पेनसिल्व्हेनियात किटाटिनी डोंगररांगेच्या एका माथ्यावर शिकारी दर शरद ऋतूत स्थलांतर करणारे ससाणे नि शिक्रे मजेखातर मारीत. गॉसहॉक या शिकारी पक्ष्यावर तर सरकारी इनामच होते. १९३४ मध्ये रोझाली एज या झुंजार बाईंनी तो डोंगर भाडेपट्ट्याने घेतला आणि मॉरिस ब्राऊन यांना राखणीला बसवले. ब्राऊन राखण करता करता पक्षी मोजू लागले. ‘हॉक माउंटन’चे हेच आकडे १९६२ मध्ये रेचेल कार्सन यांनी कीटकनाशकांविरुद्ध पुरावा म्हणून वापरले : प्रौढ गरुड दिसत होते, पिल्ले दिसेनाशी झाली होती.

सोलापूरला असा डोंगर नाही. डोंगरकड्यावर वारा वर चढतो, पक्षी त्याच्या आधाराने एका रेषेत जातात, म्हणून माथ्यावर बसून मोजता येतात. सपाट माळावर ते चहूकडे विखुरतात. भोवत्यांची एक सवय मात्र मोजणाऱ्याच्या उपयोगी पडते : दिवसभर एकेकटे फिरणारे हे पक्षी सूर्यास्ताला उंच गवतात, जमिनीवरच, एकत्र रात्र काढतात. मोजणारे गवताच्या चारी बाजूंना उभे राहून उतरणारे पक्षी मोजतात. एकच पक्षी दोनदा उठला-बसला की घोटाळा, म्हणून पहाटे पुन्हा मोजणी.

म्हणजे गवत नाही, तर आकडाही नाही. आणि गवताचाच इतिहास येथे दुर्दैवी आहे. महसुली दप्तरात माळ म्हणजे ‘पडीक’. त्यावर झाडे लावावीत, नांगर फिरवावा, वसाहत उभारावी, असाच सर्वांचा समज.

सोलापूरजवळच्या नान्नजचे गवत वाचले ते भोवत्यामुळे नव्हे, माळढोकामुळे. निसर्गअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी येथील माळढोकांकडे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेले. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. कागदावर एवढे मोठे अभयारण्य आखणे ही सद्हेतूने केलेली चूकच म्हणावी लागेल. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, शेतकऱ्याला माळढोक शत्रू वाटू लागला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर माळढोकच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

त्याच्यासाठी राखलेल्या गवतात भोवते मात्र अजून उतरतात. जागतिक यादीत पांढुरका भोवत्या ‘संकटसमीप’ आहे. फाल्गुन-चैत्रात ऊन तापू लागले की संध्याकाळची संख्या घटू लागते. काही दिवसांनी गवत रिकामे होते, आणि ग्मेलिनने ज्या मुलखात त्याला पाहिले, त्या बाजूला पक्षी निघून गेलेले असतात.