उपकाराच्या आड

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर आश्रमशाळेच्या आठवणी गोळा करायला निघालो, तेव्हा पहिला अडथळा वाडीवर नव्हे, गावात भेटला. “फुकट जेवण, फुकट शिक्षण, आणखी काय हवं त्यांना?” तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवत असताना मीही हेच म्हणत असे.

आश्रमशाळेची कल्पना ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला स्थापलेल्या भिल्ल सेवा मंडळापर्यंत मागे जाते. हेतू सेवेचाच होता. पुढे १९७२-७३ पासून शासनाने आश्रमशाळांचे जाळे विणले. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला मूल शाळेत ठेवायची सोय झाली, हे खरेच. पण सहा वर्षांचे मूल घरापासून तुटले आणि त्याची बोली वर्गात चूक ठरली. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या मुलांमागे शाळाच कुरणात नेली होती. ती वाट आपण रुळवली नाही.

कॅनडात दीड लाखांवर मूलनिवासी मुलांना निवासी शाळांत घातले गेले. २००८ साली पंतप्रधान हार्पर यांनी संसदेत माफी मागितली. २०१५ साली सत्य व सलोखा आयोगाचा अहवाल आला. तरी २०१७ साली सिनेटर लिन बेयाक यांनी त्या शाळांच्या चांगुलपणाची बाजू मांडलीच. आपल्याकडे तशी कायद्याची सक्ती नव्हती, म्हणून तुलना जपूनच करावी. पण उपकार दाखवून प्रश्न मिटवण्याची रीत दोन्हीकडे सारखीच.

उपकार खोटा मात्र नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा आश्रमशाळेत असलेली मुले वाचली. काहींचे आईबाप गेले. त्या मुलांसाठी शाळा काय आहे, हे गावाने ठरवू नये आणि मीही ठरवू नये.

माझा एक जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा, ओटीवर चहा देऊन म्हणाला, “गुरुजी, पोटभर जेवलो, ते विसरत नाही. पण मी घरच्यासारखं बोललो की तुम्ही हसायचात. मग वर्षभर बोललोच नाही.”

खुलासा करायला मी तोंड उघडले होते. मग वही उघडली आणि त्याचे वाक्य उतरवून घेतले. सलोख्याची भाषा पुढची आहे. आधी ऐकून घेण्याला असलेला आपला विरोध संपायला हवा. माझ्या वहीतली ही पहिली नोंद माझ्याच विरुद्ध आहे.