झिजणाऱ्या हातांची भरपाई



यंत्रात बोट सापडले तर कामगाराला भरपाई मागता येते. पण तेच तेच काम वर्षानुवर्षे करून मनगटच निकामी झाले तर काय? हा प्रश्न आजचा नाही. त्याचा इतिहास थोडक्यात सांगते.

इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. सतत लिहून कारकुनाचा हात दुखतो व पुढे लुळा पडतो, अशी नोंद त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत आहे. पुढे तारायंत्र आले. दिवसभर एकच कळ दाबून तारमास्तरांची बोटे आखडू लागली. १९०८ साली इंग्लंडने ही व्याधी भरपाईच्या यादीत घातली.

आपल्याकडे भरपाईचा कायदा १९२३ साली झाला व १ जुलै १९२४ पासून लागू झाला. तो इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर होता, तरी यादीत आली ती शिशाची, फॉस्फरसची विषबाधा. आखडलेली बोटे आली नाहीत. यादीबाहेरच्या रोगाला एकच वाट होती: तो अमुक अपघातातल्या इजेमुळेच झाला, हे दाखवायचे. हळूहळू झिजणाऱ्या हाताने कुठला अपघात दाखवावा? पुढे यादी वाढली, गोंगाटाने येणारे बहिरेपणही तीत आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या यादीतही हे दुखणे नाही.

सिन्नर, सोलापूरकडे विड्या वळणाऱ्या बाया हजारावर मजुरी घेतात. १९६६ च्या कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. हा मोठा लाभ झाला, पण आखडलेल्या बोटांची भरपाई त्यात नव्हती.

आपल्या कवठ्यात खुरपणी, कांद्याची काटणी, धारा काढणे ही सारी हाताचीच कामे. शेतकरी कुटुंबांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अनुदान योजना आहे. मृत्यू आल्यास वा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. पण तिथेही अट अपघाताचीच.

म्हणून निराश होण्याचे कारण नाही. १९२९ साली मुंबई इलाख्याने कारखान्यातल्या बायांना बाळंतपणाचा भत्ता कायद्याने दिला. बाळंतपण काही अपघात नव्हता! यादीतल्या रोगापायी कामगाराचे काम सुटले, तर सलग गैरहजेरीचा पहिला दिवस हीच अपघाताची तारीख धरण्याची सोयही कायद्यात होती. यादीत नाव मात्र हवे, आणि अधिसूचना काढून ते घालणे सरकारच्या हाती असते.

पण दुखण्याची नोंदच नसेल तर सरकारला सांगणार काय? आपल्या मुली रांजणगावच्या कारखान्यांत जातात. मनगट दुखू लागले की नुसता बाम चोळून गप्प बसू नये. कोणते काम, किती तास, किती वर्षे, हे डॉक्टरांना सांगून कागदावर लिहून घ्यावे व तो कागद जपून ठेवावा. शेतात राबणाऱ्या बायांसाठी अशी एक वही आपल्या मंडळानेच घालावी, अशी माझी नम्र सूचना आहे.