बांधकाम कामगार आणि ९० दिवसांचा दाखला : कायदा काय देतो, अडते कुठे?

सकाळी आठ वाजता कोणत्याही शहरातील मजूर नाक्यावर जाऊन पाहा. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, घमेले घेऊन उभ्या असलेल्या महिला. त्यात आपल्या वस्तीतील चेहरे शोधावे लागत नाहीत. या कामगारांसाठी कायदा आहे, मंडळ आहे, निधीही आहे. तरीही अनेकांच्या घरी त्यातील एक रुपयाही पोहोचलेला नाही. म्हणून ही यंत्रणा कशी चालते, ते आम्ही येथे मांडत आहोत.

पार्श्वभूमी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी घातली, तर अनुच्छेद ४२ आणि ४३ ने कामाची मानवी परिस्थिती, प्रसूती साहाय्य आणि निर्वाह वेतन ही राज्याची जबाबदारी ठरवली.

पण कारखान्याला गेट असते, हजेरीपट असतो. नाक्यावरील कामगाराचा मालक रोज बदलतो. मग त्याच्या भविष्याची तरतूद कोण करणार?

उपकर आणि मंडळ

याचे उत्तर १९९६ च्या दोन केंद्रीय कायद्यांनी दिले. पैसा बांधकामावर उपकर लावून घ्यायचा. जमिनीची किंमत वगळून बांधकाम खर्चाच्या किमान १ टक्का उपकर वसूल होतो. म्हणजे १ कोटीच्या इमारतीमागे १ लाख रुपये. हा पैसा राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो. महाराष्ट्रात हे मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. मुलांची शिष्यवृत्ती, प्रसूती, आजारपण, अपघात आणि मृत्यू यांसाठी त्याच्या योजना आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. जुने कायदे त्यात सामावले गेले, मात्र उपकर, मंडळ आणि ९० दिवसांची अट सामाजिक सुरक्षा संहितेत कायम आहे.

नोंदणीची अट

वय १८ ते ६० वर्षे आणि मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचे काम. त्यासाठी ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवक, नगरपालिका, महापालिका यांचा दाखला लागतो. दरवर्षी नूतनीकरणही करावे लागते.

अडते ते इथे

ज्याला एक मालक नाही म्हणून मंडळ निर्माण झाले, त्याच्याकडेच मालकाची सही मागितली जाते. ठेकेदार जबाबदारी अंगावर येईल म्हणून सही देत नाही, कार्यालय हेलपाटे घालायला लावते आणि मधल्या जागेत एजंट उभा राहतो. आम्ही काम करतो त्या वस्तीतील एक गवंडी स्लॅबवरून पडून वारले. बारा वर्षे ते याच कामावर होते. दाखला न मिळाल्याने नूतनीकरण राहिले होते. मंडळाकडे केलेला अर्ज नामंजूर झाला. त्यांच्या पत्नी आता दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करतात.

हा प्रश्न एका कार्यालयापुरता नाही. उपकराचा पैसा कामगारांपर्यंत पोहोचत नसल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात तीव्र नाराजी व्यक्त केली होती.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. विहारात महिन्यातून एक दिवस नोंदणी आणि नूतनीकरणासाठी ठेवा. कोणाची मुदत कधी संपते, याची वही करा.
२. कामगारांना कामाची तारीख, ठिकाण आणि ठेकेदाराचे नाव रोज लिहून ठेवायला सांगा.
३. महिलांची नोंदणी स्वतंत्र करा. नवऱ्याच्या नोंदणीत बायकोच्या श्रमाची नोंद होत नाही.
४. दाखला किंवा अर्ज नाकारल्यास कारण लेखी मागा. लेखी उत्तर नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा.
५. कामावर अपघात झाल्यास पोलिसांत नोंद कराच. मंडळाची नोंदणी नसली तरी मालकाची नुकसानभरपाईची जबाबदारी संपत नाही.

जयंतीची वर्गणी गोळा करताना आपण प्रत्येक घरी जातोच. त्याच फेरीत एक प्रश्न विचारू या : तुमची नोंदणी झाली आहे का?

जय भीम!